पॅरिसच्या चुलीमागचं जंगल

सेर्मिझेलच्या स्टेशनावर आम्ही दोघं, आमच्या दोन सायकली आणि एक झोपाळू मांजर, एवढेच उतारू. मांजर तर आधीपासूनच तिथे होतं. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून सुटणारी गाडी ओसेरच्या पुढे गेली की गावं लहान होतात, डबे रिकामे होतात. सप्टेंबर संपत आला होता आणि सकाळी दहा वाजताही हवेत चांगलाच गारठा होता.

माझा मेहुणा जर्मनीत शिकतो. ‘दाजी, एकदा ग्रॅव्हल करून बघा, रोडबाइकला हात लावणार नाही तुम्ही,’ असं वर्षभर माझ्या मागे लागला होता. ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या, खडीच्या वाटांवरचं सायकलिंग. शेवटी मी सायकल भाड्याने घेतली, ४० मिलिमीटर रुंद टायरची, आणि बेत मात्र माझा ठरवला : व्हेझले गावापासून मोर्व्हां या डोंगराळ भागातलं जंगल उभं कापत दक्षिणेला एताँ-स्यूर-आरूपर्यंत. तीन दिवस, साधारण १६० किलोमीटर. आकडा ऐकून मेहुणा हसला होता. तिसऱ्या दिवशी तो हसत नव्हता.

व्हेझलेची टेकडी लांबूनच दिसते. वर बाराव्या शतकातलं मारी मादलेनचं देऊळ, म्हणजे बॅसिलिका. ११४६ साली संत बर्नारने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती इथेच. पर्यटक भरपूर, कॉफी महाग. आम्ही आत जाऊन खांबांवरची शिल्पं पाहिली, माना दुखल्यावर निघालो.

खरी गोष्ट टेकडीखाली सें-पेरपासून सुरू झाली. इथली जमीन चुनखडीची. शेतांमधून जाणाऱ्या वाटा पांढऱ्याशुभ्र, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. तो पांढरा चिखल टायरला असा धरतो की दहा मिनिटांत चाक आणि फोर्कमधली फट बुजते. काडीने खरवडायचं, शंभर मीटर जायचं, पुन्हा खरवडायचं. मग पिएर-पेर्त्युईच्या पुलावरून क्यूर नदी ओलांडली. पुढे चढ लागला तशी झाडी दाट झाली आणि पायाखालची जमीनच बदलली. मोर्व्हां म्हणजे ग्रॅनाइटचा उंचवटा. ग्रॅनाइट कुजून त्याची भरड वाळू होते आणि पाऊस पडला तरी पाणी झिरपून जातं. मेहुणा थांबला, मूठभर उचलली, बोटांत चोळली.

‘दाजी, हा तर आपला मुरूम!’

दगड वेगळा, पण शब्द अगदी चपखल. पुढचे तीन दिवस आम्ही रस्त्यांची प्रतवारी मराठीतच केली : मुरूम, खडी, माती, आणि ‘उतर खाली’.

कारे-ले-तोंब या गावाच्या नावातच थडगी आहेत. चर्चभोवती शंभराहून जास्त दगडी शवपेट्यांचे तुकडे आणि झाकणं नुसती रांगेत मांडलेली आहेत. इतक्या पेट्या इथे का, यावर विद्वानांचे वाद आहेत. आम्हाला मात्र पाणी हवं होतं. फ्रान्समध्ये सायकलवाल्यांची एक युक्ती आहे : दुकान बंद असलं तरी स्मशानाला नळ असतो, फुलांना पाणी घालायला. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं पाहून घ्यायचं. घरी हे सांगितलं तेव्हा बायको दोन मिनिटं काही बोलली नाही.

संध्याकाळी सेतों सरोवर गाठलं. देखणं आहे, काठाने सपाट वाट आहे, सगळे तिथे फोटो काढतात. पण मला त्याचं धरण जास्त आवडलं. १८५४ ते १८५८ या काळात क्यूर नदीवर ग्रॅनाइटमध्ये बांधलेलं. वीज किंवा सिंचन हा त्याचा मूळ हेतू नव्हताच. लाकूड वाहून न्यायला पाणी हवं होतं.

सोळाव्या शतकापासून पॅरिसच्या चुली पेटत ठेवायचं काम या डोंगरांनी केलं. झाडं तोडायची, ओंडक्यांच्या टोकावर व्यापाऱ्याच्या खुणेचा हातोडा मारायचा आणि ओंडके सुटेच ओढ्यात लोटायचे. वर तळ्यांत पाणी साठवलेलं असायचं, ते एकदम सोडलं की लोंढ्याबरोबर लाकूड खाली जायचं. योन नदीवर क्लामसी गावाजवळ ते अडवून, खुणा बघून वेगळं करायचे आणि त्याचे लांबच लांब तराफे बांधून माणसं त्यावर उभी राहून पॅरिसपर्यंत न्यायची. परतताना चालत. सेतोंचं तळं म्हणजे त्या लोंढ्याची मोठी टाकी. ते झालं तोवर रेल्वे आली होती, कोळसाही आला होता. धंदा हळूहळू मेला, तळं उरलं.

हे कळल्यावर दुसऱ्या दिवसाचा रस्ता वेगळाच दिसायला लागला. सायकलच्या नकाशात ‘उत्तम ग्रॅव्हल’ म्हणून रंगवलेल्या या वाटा सायकलसाठी कोणी केलेल्या नाहीत. त्या लाकडाच्या ट्रकसाठी आहेत. म्हणून त्या रुंद, म्हणून त्यांचा चढ सोसण्याजोगा, आणि म्हणूनच काही ठिकाणी अचानक एका मोकळ्या मैदानात संपतात.

ते मैदान म्हणजे तोडलेलं जंगल. ओक-बीचच्या सावलीतून वळण घेतलं आणि समोर अख्खा उतार बोडका, नुसते बुंधे. पलीकडे डग्लस फर, एका ओळीत, एका उंचीचे. हे झाड उत्तर अमेरिकेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशातून त्याची इथे प्रचंड लागवड झाली. त्या रांगांमध्ये शिरलं की पक्ष्याचा आवाज थांबतो. मला ते जंगल वाटतच नाही, उसाचा फड वाटतो, फक्त पन्नास वर्षांनी तोडायचा. इथल्या लोकांनाही ते सलतं. २००३ पासून काहींनी वर्गणी काढून जुन्या पानझडी जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली आहे, ते सरसकट तोडले जाऊ नयेत म्हणून.

रविवार होता. वाटेच्या तोंडाशी ‘शिकार चालू आहे’ असे फलक, मग दूरवर शिंगाचा आवाज, मग कुत्री. आम्ही पिवळी जॅकेटं चढवली आणि मोठमोठ्याने बोलत निघालो. विषय संपल्यावर मेहुण्याने आरत्या म्हटल्या. नारिंगी टोपीतल्या एका शिकाऱ्याने बंदूक खाली धरून आम्हाला वाट दिली आणि ‘बों कुराज’, म्हणजे ‘हिंमत ठेवा’, म्हणाला. पुढचा चढ बघितल्यावर त्याचा अर्थ कळला.

आनो गावात गालव्हाशेंचं छोटं संग्रहालय आहे. गालव्हाशे म्हणजे बैलगाडीवाले. मे महिन्यात बैल घेऊन ते दूरच्या मुलखात लाकूड ओढायला जायचे आणि थंडीच्या तोंडाशी परतायचे. बायका पॅरिसला जायच्या, श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला. लाकूड पॅरिसला, दूधही पॅरिसला.

आनोपासून ओ-फोलँ. ९०१ मीटर, मोर्व्हांचं सर्वांत उंच ठिकाण. आकडा ऐकून सह्याद्रीतला माणूस नाक मुरडेल, पण गिअर संपल्यावर उंची कोण विचारतो? माथ्यावर दृश्य असं काही नाही, झाडंच झाडं. उतारावर ट्रकसाठी ताजी खडी टाकलेली होती, कोपरे अजून धारदार. माझ्या मागच्या टायरची कड फाटली आणि आतलं भोकं बुजवणारं पांढरं सीलंट फवाऱ्यासारखं पाठीवर उडालं. भोक त्याने बुजण्यापलीकडचं. मेहुण्याने टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा कापून आतून लावला, वर साधी ट्यूब घातली. दोन दिवस पुदिन्याचा वास येत होता.

ग्ल्यू-आँ-ग्लेनला मुक्काम. याच गावाच्या हद्दीत योन उगम पावते. आम्ही पाहिलेला उगम म्हणजे ओलसर गवत आणि त्यातून निघणारी बोटभर धार. योन आणि सेन जिथे मिळतात तिथे योनचं पाणी जास्त असतं, त्यामुळे पॅरिसमधून वाहते ती खरं तर हीच धार, असं इथले लोक म्हणतात. नकाशा काही ऐकत नाही.

सोमवारी सगळं बंद. बेकरी, किराणा, खानावळ, सगळंच. पिशवीतले शेंगदाणे खाऊन मों बव्रे चढलो. इथे एदुई या गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या, टोळीची राजधानी बिब्राक्त होती. इसवी सनापूर्वी ५२ साली रोमन सीझरविरुद्ध गॉल सरदार व्हर्सिंजेटोरिक्सचं नेतृत्व इथल्या सभेत पक्कं झालं, आणि तो हरल्यावर सीझरने हिवाळाही इथेच काढला. तटाचा दरवाजा पुन्हा बांधून उभा केला आहे : आडवी-उभी तुळयांची चौकट, सांध्यांत लांब लोखंडी खिळे, पोटात दगडमाती. म्हणजे इथेही लाकूडच. वर गेल्यावर जुन्या बीचच्या रांगा लागतात. एकेकाळी त्या शेताच्या कुंपणासाठी वाकवून, छाटून एकमेकांत विणलेल्या. कुंपण राखणारे गेले आणि झाडं तशीच वाकडी वाढत राहिली. खोड कुठे संपतं आणि मूळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. मेहुणा त्यातल्या एकावर बसला आणि म्हणाला, ‘मी इथून हलत नाही.’ अर्धा तास खरंच हलला नाही.

एताँच्या स्टेशनावर गाडीला चाळीस मिनिटं होती. डब्यात घाण नको म्हणून आम्ही फलाटाच्या टोकाला सायकली उलट्या करून काडीने खरवडायला बसलो. वरचा थर तपकिरी, वाळूसारखा, लगेच झडला. त्याखाली, फोर्कच्या आतल्या बाजूला, व्हेझलेचा पांढरा चिखल सिमेंटसारखा बसला होता. तो काही निघेना.