अर्ध्यात सोडलं म्हणे

रविवार, रात्री साडेअकरा

पुस्तक परत आलं. निनाद दारातूनच देऊन गेला. चकल्यांचा रिकामा डबा आणि त्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. "बाबांनी अर्ध्यात सोडलं, आत्या. जमलं नाही म्हणाले." खाली त्याची गाडी चालूच होती.

जमलं नाही. सकाळपासून हे दोन शब्द घेऊन बसलेय. चार महिने ठेवून घेतलं. मध्ये दोनदा मी तिकडे गेले तेव्हा एकदा ते फ्रिजवर होतं, एकदा टीव्हीच्या रिमोटखाली. विचारलं नाही. आपण विचारायचं नाही, त्याने सांगायचं, अशी वाट बघायची सवय मला पहिल्यापासूनच.

वास्तविक मला काय पडलंय? 'अ स्टिच इन टाइम' काही मी लिहिलेलं नाही. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या टीव्ही मालिकेवर ज्या ढीगभर कादंबऱ्या निघाल्या त्यातली ही सत्ताविसावी, 2000 सालची. वैदेहीचा नवरा म्हणतो, मालिकेवरची कादंबरी म्हणजे पिक्चर चालला की निघणारं कॅलेंडर. बरीचशी असतातही तशी. पण ही लिहिलीय अँड्र्यू रॉबिन्सनने, म्हणजे मालिकेत ज्याने गॅरकची भूमिका केली त्यानेच. भूमिका हाताला लागावी म्हणून तो गॅरकच्या नावाने रोजनिशी लिहायचा, चाहत्यांच्या मेळाव्यांत त्यातली पानं वाचून दाखवायचा. त्याचंच वाढत वाढत पुस्तक झालं. नावातही कोटी आहे. वेळेवर घातलेला एक टाका नऊ टाके वाचवतो. गॅरक शिंपी आणि त्याचं दुकान ज्या अंतराळस्थानकावर, त्याचा नंबर नऊ. दादा यावर हसेल असं वाटलं होतं. अर्थात तेवढ्यासाठी दिलं नव्हतं.

दुपारी मीच फोन केला. तर म्हणे, "अगं, गॅरकची मजा काय होती? तो कोण हे कळत नाही, ही. हेर म्हणावं तर शिंपी, शिंपी म्हणावं तर हेर. याने सगळं सांगून टाकलंय. शाळा काय, मित्र काय, बाप काय. गॅरक कोण ते कळलं की गॅरक उरतच नाही." मग लगेच सोसायटीच्या मेंटेनन्सवर गाडी.

मत म्हणून वाईट नाही. हे पुस्तक वाचून नाराज झालेले बहुतेक जण हेच म्हणतात, आणि मालिकेतला गॅरक आठवला की पटतंही. एकच हकिगत तो स्थानकावरच्या डॉक्टर बशीरला तीन तऱ्हांनी सांगतो, आणि शेवटी तीनही खऱ्या होत्या म्हणतो, त्यातही खोट्या होत्या त्या जास्त. अशा माणसाचं आत्मचरित्र कोण मागेल? मी मागितलं. मला हवं होतं.

आणि दादालाही हवं असेल असं मी परस्पर ठरवून टाकलं. चूक तिथेच. 2004 च्या उन्हाळ्यात सातही पर्वं आम्ही एकत्र पाहिली. दादाच्या मित्राच्या डीव्हीडी, आवाज अगदी बारीक, कारण आतल्या खोलीत आमचे बाबा. तो भाग लागला होता. गॅरकचा बाप टेन कैदेत मरणाला टेकलाय आणि गॅरक उशाशी बसून एकच गोष्ट मागतोय, की एकदा मला मुलगा म्हण. म्हातारा सरळ म्हणत नाहीच. पाच वर्षांचा असतानाचा एक दिवस आठवतो, तू सारखा पडत होतास पण हटला नाहीस, अभिमान वाटला होता म्हणतो. त्या दिवशी. एवढंच. दादा उठला आणि चहा टाकायला गेला. रात्री दीड वाजता.

असो.

पुस्तकात हे सगळं पोरपण सविस्तर आहे. ज्याला तो बाप समजत वाढतो तो टोलन माळीकाम करणारा, ऑर्किडवर जीव असलेला साधा माणूस. आणि खरा बाप 'काका' म्हणून त्याच घराच्या वरच्या अंगाला. मालिकेतल्या युद्धात त्याच्या ग्रहावरची ऐंशी कोटी माणसं मेल्यावर गॅरक त्याच घराच्या ढिगाऱ्याशी, आवारातल्या एका खोपटात राहतो आणि तिथून बशीरला हे लांबलचक पत्र लिहितो. शाळा, स्थानकावरचे शेवटचे दिवस आणि हा ढिगारा, तिन्ही काळ आलटूनपालटून येतात. पहिली शंभरेक पानं कोण कुठे आहे हे लक्षात ठेवताना दमछाक होते, हे मान्य. तिथे सोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. दादाला मात्र देतेय.

निनादचं आणखी वेगळंच. वाचलेलं नाही, वाचणारही नाही. "आत्या, ते कॅनन नाहीये ना." पडद्यावर दिसलं ते खरं, छापलेलं धरायचं नाही, असा नियम आहे. ज्ञानेश्वरीत ओवी घुसडणाऱ्याला नाथांनी अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटलं, तशातली ही कडक शिस्त. 2020 मध्ये स्टार ट्रेकमधल्याच कॅप्टन पिकार्डवर नवी मालिका आली आणि वीस वर्षं एकमेकींना धरून चाललेल्या कादंबऱ्या तिच्याशी जुळेनात, उघड्यावर पडल्या. पुढच्याच वर्षी तीन पुस्तकं काढून तो धागा रीतसर संपवला. म्हणजे चार महिने मी ज्याच्या अभिप्रायासाठी झुरत होते ते घडलेलंच नाही. न घडलेलं, आणि तेही अर्धवट वाचलेलं.

खरी वाचली ती वैदेहीने, मालिकेचा एकही भाग न पाहता. तिचा प्रश्न एकच: "हा डॉक्टर उत्तर का नाही देत गं?" मी म्हटलं, पत्रच आहे, उत्तर कुठून येणार. तर म्हणाली, मग एवढं लांब कशाला लिहायचं.

इथवर लिहून पुस्तक कपाटात ठेवायला उठले. सवयीने पानं फरफरवली. शेवटून दुसऱ्या पानाच्या कडेला पिवळा डाग. नाकाशी धरला. हळद. अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसतायत. पान उलटलं तर मागच्या बाजूला तर्जनीचा, थोडा फिका. वहिनींच्या पोह्यांत हळद जरा जास्तच असते, आणि डाव्या हाताने बशी धरून उजव्याने पान उलटणारा त्या घरात एकच माणूस आहे. मग मागे मागे जात तपासलं. शाळेचा भाग संपतो तिथे कोपरा दुमडलेला. त्याच्या पुढे आणखी चार ठिकाणी दुमडलेला.

अर्ध्यात सोडलं म्हणे.

पंधरा मिनिटं हसत होते एकटीच. फोन करून रंगेहाथ पकडावं असं वाटलं. हळदीच्या हाताने पकडावं. नाही केला. काय म्हणणार होते? आणि त्याने काय म्हणायला हवं होतं माझ्याशी? मलाच कुठे काय म्हणता आलंय. पुस्तकच पाठवलं ना.

आत्ता निनादचा मेसेज आलाय. "बाबा विचारतायत, त्याचं ऑडिओ आहे का? डोळे दुखतात म्हणे, म्हणून अर्धं राहिलं."

आहे. 2023 मध्ये आलंय, खुद्द रॉबिन्सनने वाचलेलं. लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, बाबांना सांग, अर्ध्यापासून लाव.