गुठळी निघाली होती, मग पुढचं औषध का नाही दिलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, तेही ह्यांच्यासमोर. स्ट्रोकनंतर ह्यांना शब्द सापडत नाहीत, पण समजतं सगळं.

डॉक्टरांनी नकार दिला, असं मी आजवर सांगत आले. तसं झालं नव्हतं.

2023 ची गोष्ट. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी काढायला ह्यांच्या मांडीतून घातलेली नळी अजून आतच होती. एक डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "गुठळी निघाली, नस उघडली." मी फोन पुढे केला. त्यावर 'चॉइस' नावाची 2022 ची औषधचाचणी होती. मोठी नस मोकळी झाली तरी बारीक नसांत कण अडकून राहू शकतात, म्हणून त्याच नळीतून थोडं अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, सोडायचं. 90 दिवसांनी जवळपास पूर्ण बरे झालेले 59 टक्के, औषध न दिलेल्यांत 40. "हे द्या ना."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "फक्त 121 रुग्ण आहेत, चाचणीही मुदतीआधी थांबलेली. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तरी हवं असेल तर सरांशी बोलतो, पण आत्ता सांगा." आत्ता! मघाशी हट्ट धरणारी मी. 'रक्तस्राव' एवढाच शब्द कानात राहिला. "नको," मी म्हणाले. ते आत गेले.

कुणीही हेच म्हणालं असतं, असं मी स्वतःला बजावते. मग वाटतं, फोन दाखवायची हिंमत होती, तर दोन प्रश्न आणखी का नाही विचारले?

माझ्या वाचनावर विसंबावं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी वरचं बीपी 165 दिसल्यावर ते लगेच उतरवा म्हणून मीच सिस्टरांच्या मागे लागले होते. त्यांनी ऐकलं नाही. गुठळी काढल्यावर बीपी 120 च्या खाली आणलेल्यांचं जास्त नुकसान झालं, म्हणून एक मोठी चाचणी 2022 मध्येच थांबवावी लागली होती. ते मी नंतर वाचलं.

2025 मध्ये नळीतून टेनेक्टिप्लेज हे तशाच प्रकारचं औषध देण्याच्या एका चाचणीत फायदा दिसला, दुसरीत ठोस फरक दिसला नाही. पहिली वाचली की रात्रभर झोप येत नाही. दुसरी वाचली की येते, आणि त्या झोपेचीही लाज वाटते.

'नको' मी म्हटलं होतं, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. वाचायला थोडं थोडं जमू लागलंय त्यांना. हा कागद टेबलावरच ठेवणार आहे.