गोळी घड्याळ बघून

गुडघा बदलला त्या दिवशी मला फारसं दुखलंच नाही. संध्याकाळी वॉकर धरून चार पावलंही टाकली आणि मनात म्हटलं, लोक उगीच बाऊ करतात. पण ती करामत माझी नव्हती, ब्लॉकची होती. ऑपरेशनच्या वेळी पायाच्या नसेजवळ भुलीचं इंजेक्शन देतात, त्याचा असर काही तास, फार तर दिवसभर टिकतो. रात्री तो उतरला आणि गुडघ्यात कुणी पाना घालून पिळतंय असं झालं. नर्सने विचारलं, "काकू, दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, "चार." होतं आठ. का लपवलं, देव जाणे. सोसण्याची सवय, दुसरं काय!

सकाळी डॉक्टर म्हणाले, "दुखणं वर चढू दिलंत की गोळीला ते उतरवायला वेळ लागतो. कमी असतानाच घ्या." मला हे पटायला घरी येऊन दोन रात्री काढाव्या लागल्या. पहिल्या रात्री डोळा लागला म्हणून मुलीने गोळीसाठी उठवलं नाही. अडीचला जाग आली ती पाय हलवता येईना म्हणून. गोळी घेतली, पण उतार पडायला जवळपास तास गेला. तेव्हापासून मोबाइलला गजर आणि उशाशी वही. वहीत तीन रकाने: वेळ, गोळी, दुखणं किती. आणि आकडा खरा लिहायचा.

ही वही नसती तर एक घोळ नक्की झाला असता. मला पॅरासिटामॉल ६५०ची गोळी दिवसातून चार वेळा होती. शिवाय फार दुखलं तर ट्रामाडॉलची एक, दिवसात चारपर्यंत. पाचव्या दिवशी दोन्ही पुऱ्या घेऊन झाल्या होत्या आणि रात्री अंग कसकसत होतं, म्हणून मी खणातली तापाची गोळी काढली, तीही पॅरासिटामॉल ६५०च. मुलीने ट्रामाडॉलची स्ट्रिप उलटी करून दिव्याखाली धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, त्या गोळीतही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल! वहीवर बेरीज केली: २६०० अधिक १३००, म्हणजे ३९००. तापाची गोळी धरली तर ४५५०. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ४००० ही कमाल मर्यादा, त्यापुढे यकृताला धोका. गोळी परत खणात गेली आणि डॉक्टरांना फोन केला, कारण ताप हेही त्यांना कळायलाच हवं होतं.

दुसरी कुठलीही पेनकिलर परस्पर घ्यायची नाही, हेही तेव्हाच पुन्हा बजावलं गेलं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना तसल्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ट्रामाडॉलने दुखणं खरंच हटतं, पण डोकं जड होतं, मळमळतं आणि पोट साफ होत नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलते: चौथ्या दिवशी मला गुडघ्यापेक्षा पोटाचाच त्रास जास्त होता. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लिहून दिलेलं होतं, मीच ते बिनमहत्त्वाचं समजून बाजूला ठेवलं होतं.

फिजिओ सकाळी अकराला यायचा. गोळी सव्वादहाला घेतली की गुडघा मुकाट्याने वाकायचा, विसरले की दोघंही घामाघूम. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. उशी मात्र टाचेखाली. गुडघ्याखाली घ्यायला फार बरं वाटतं, पण मग पाय सरळ होत नाही, म्हणून फिजिओने ती रोज काढून फेकली.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून कमी करायला लागलो. आधी दिवसाची ट्रामाडॉल गेली, मग रात्रीची. रात्रीची सोडताना दोन दिवस चिडचिड झाली, झोप उडाली. नुसती पॅरासिटामॉल त्यानंतरही बरेच दिवस चालू होती, व्यायामाच्या आधी तर हमखास. गुडघा अजून हाताला कोमट लागतो आणि टाक्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा बधिर आहे. असं बरेच महिने राहू शकतं म्हणे.

परवा वही चाळली. सहाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी नुसतंच लिहिलंय, "११ वाजता व्यायाम. दुखणं ३." गोळीचा रकाना कोरा. घ्यायची विसरले होते की लिहायची, ते आता आठवत नाही.