आमची वाटचाल : सागाची पालवी ते साडी

जूनचा पहिला पाऊस पडला की सागाला पालवी फुटते. ते कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. आमच्या जुन्नर भागातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. मी आणि माझी जाऊ, दोघींनी या पानाच्या भरवशावर कापडावर पानाफुलांचे ठसे उमटवायचा धंदा सुरू केला.

रेशमावर पान लगेच उमटलं. सुती कापडावर मात्र पहिल्याच धुण्यात ठसा निघून जायचा. उपाय आमच्याच डोंगरात होता. इकडच्या घाटमाथ्यावर महादेव कोळी बायामाणसं हिरडा गोळा करतात. त्यातल्या तुरट द्रव्यामुळे सुती धागा रंग धरून ठेवतो. कापड आधी सोड्यात उकळून खळ काढायची, मग हिरड्याचं पाणी, मग तुरटीचं. पानं मांडून गुंडाळी सुतळीनं करकचून बांधायची आणि दीड तास वाफ द्यायची. गुंडाळी सोडताना आजही आम्ही दोघी हातातलं काम टाकून येतो. पानाची शीर न् शीर उमटलेली असते.

एक चूक मात्र फार लागली. गडद ठशासाठी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरतात, आणि आम्ही तो अंदाजानं टाकायचो. आठ महिन्यांनी एक ताई रेशमी स्टोल घेऊन आल्या. पानांच्या कडेकडेनं तो विरला होता. लोह जास्त झालं की धागा कुजतो. पैसे परत केले, स्टोल मागून घेतला आणि वजनकाट्याच्या वर टांगला. आता किलोभर कापडाला 20 ग्रॅमच्या वर हिराकस जात नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात उरलेला झेंडू आम्ही पोत्यांनी उचलतो आणि सावलीत वाळवतो. तुरटीवर तो हळदीसारखा पिवळा, हिराकसावर शेवाळी. जास्वंद आणि बोगनवेलीची मागणी खूप येते, पण त्यांचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून आम्ही सरळ नाही म्हणतो. नवं फूल आलं की कापडाची पट्टी अर्धी झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवतो. झाकलेला आणि उघडा भाग सारखा दिसला तरच ते फूल साडीवर जातं.

आज आम्ही पाच जणी आहोत. सागाच्या साडीची मागणी मार्चपासूनच नोंदवून ठेवतो. काम पालवी आल्यावरच सुरू होतं.