कोकणातला आणि विदर्भातला मोगली एरंड एकच निघाला

पीएचडीला मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, घेतला तो एका खंतीमुळे. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी या झाडाची शिफारस केली, लोकांनी माळरानावर लागवडी केल्या, पण सुधारित वाण कुणाकडेच नव्हता. बियांत 30 ते 40 टक्के तेल असतं, हे खरं. पण झाडाला बियाच मोजक्या लागल्या तर शेतकऱ्याने ते टक्के घेऊन काय करायचं? म्हणून ठरवलं, राज्यभरातले नमुने गोळा करायचे, त्यांच्यातला जनुकीय फरक तपासायचा आणि पैदाशीला जोगी झाडं निवडायची.

नमुने सहज मिळाले. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून रत्नागिरीपासून यवतमाळपर्यंत कुंपणाला हेच झाड. "काका, हे आणलं कुठून?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, "शेजारच्या बांधावरची फांदी आणून खोचली."

खरा कस लागला डीएनए काढताना. पानांत चीक आणि फिनॉल (डीएनए खराब करणारी द्रव्यं) भरपूर, त्यामुळे डीएनए तपकिरी, चिकट यायचा आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, चालायचीच नाही. शेवटी अगदी कोवळी पानं द्रव नायट्रोजनमध्ये वाटली, पेशी फोडून डीएनए सोडवणाऱ्या सीटॅबच्या द्रावणात फिनॉलला आवर घालणारं पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल वाढवलं, क्लोरोफॉर्मची धुणी आणखी एकदा दिली, तेव्हा कुठे स्वच्छ डीएनए हाती आला.

मग आयएसएसआर मार्कर लावले; यात डीएनएतले फरक जेलवर पट्ट्यांच्या रूपात दिसतात. जेलवर कोकण आणि विदर्भाच्या पट्ट्या जवळजवळ सारख्या, तुलनेला घेतलेल्या मेक्सिकोच्या नमुन्याच्या मात्र स्पष्ट वेगळ्या! काकांचं उत्तर तेव्हा नीट कळलं. या झाडाचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथून पोर्तुगीजांमार्फत थोडंसं बियाणं बाहेर पडलं आणि पुढे फांद्या खोचूनच पसारा वाढला. फरक यायचा कुठून? मेक्सिकोत तर फॉरबॉल एस्टरचं विष नसलेले प्रकारही आहेत. आपल्याकडच्याच झाडांतून निवड करत बसणं मला आता व्यर्थ वाटतं.

म्हणून फरक बाहेरून आणायला याच्याच नात्यातल्या, बागेतल्या लाल फुलांच्या जट्रोफा इंटेजेरिमाशी संकर सुरू केला. यात मोगली एरंड मादी पालक ठेवावा लागतो. त्याच्या एकाच तुऱ्यात नर फुलं ढीगभर आणि मादी फुलं थोडी. नर कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, पिशवी बांधायची, मादी फूल उमललं की इंटेजेरिमाचे परागकण लावायचे. पहिल्या संकरित रोपांच्या जेलवर दोन्ही पालकांच्या पट्ट्या दिसल्या. त्या रोपांचा मोगली एरंडाशी पुन्हा संकर या पावसाळ्यात चालू आहे.