घशाची तक्रार आणि चार खात्यांचे कागद

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांवर पोलीस, दवाखाना, शाळा आणि समुपदेशक एकत्र बसतात. त्या महिन्याच्या अशा बैठकीत हे प्रकरण यादीत अगदी शेवटी होतं. कोणाच्याच कागदांत त्याबद्दल फारसं काही नव्हतं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) शेजाऱ्यांच्या फोनवरून पोलीस दोनदा त्या घरी जाऊन आले होते आणि दोन्ही नोंदींखाली एकच शेरा होता: 'किरकोळ वाद, आपसात मिटला.' दवाखान्यात आवाज बसल्याची आणि गिळताना दुखत असल्याची तक्रार होती, त्यावर घशाच्या संसर्गाचं औषध दिलेलं. शाळेचं म्हणणं, मूल वर्गात झोपतं. समुपदेशक ताईंकडे एवढंच, की बाईंनी पगारासाठी स्वतंत्र खातं उघडलंय आणि घर सोडायचं त्यांच्या मनात आहे. बाईंनी लेखी संमती दिली होती, म्हणून हे कागद एका टेबलावर येऊ शकले.

अशा बैठकीत पहिलं काम तारखांचं. प्रत्येकाने आपापली नोंद वाचून दाखवली तर ऐकणारे माना डोलावतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. म्हणून फळ्यावर महिने आखायचे आणि ज्याने त्याने आपली नोंद त्या त्या तारखेसमोर लिहायची. अमेरिकी संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी तयार केलेल्या धोका-मापनाच्या पद्धतीतही प्रश्नांच्या आधी दिनदर्शिका येते: गेल्या वर्षभरात काय, कधी आणि किती गंभीर घडलं ते बाईंनी स्वतः त्यावर खुणावायचं. सुटं सुटं विचारलं तर 'अधूनमधून होतं' एवढंच उत्तर मिळतं.

फळा भरला तेव्हा पहिली पोलीस-भेट पगाराचं खातं बदलल्यानंतरच्या आठवड्यात पडली. दुसऱ्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी घशाची तक्रार. मूल झोपू लागलं तेही त्याच आठवड्यापासून. बोलणं थांबलं, आणि डॉक्टरांनी स्वतःचाच कागद पुन्हा हातात घेतला. ताप नव्हता. घशात सूज नव्हती. डोळ्यांत बारीक लाल ठिपके असल्याची नोंद मात्र होती, आणि गळा दाबला गेल्यावर असे ठिपके येऊ शकतात.

गळा दाबल्याच्या खुणा दिसतातच असं नाही. सॅन दिएगोमध्ये पोलिसांकडच्या अशा ३०० प्रकरणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या प्रकरणांत बाहेरून काहीच दिसत नव्हतं आणि आणखी ३५ टक्क्यांत खुणा इतक्या पुसट होत्या की फोटोत आल्या नसत्या. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकते, त्यामुळे बाईंना मधला भाग आठवत नाही आणि जबाब 'विसंगत' ठरतो. रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. म्हणून बसलेला आवाज, गिळताना दुखणं, चक्कर, नकळत लघवी होणं यांतलं काहीही असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा विचार व्हायला हवा. आणि २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक आढळली.

'मारहाण झाली का?' या प्रश्नाला बऱ्याच बायका 'नाही' म्हणतात, आणि ते त्यांच्या परीने खरंही असतं, कारण गळा धरणं त्या मारहाणीत धरत नाहीत. विचारायचं असं: 'तुमच्या गळ्यावर कोणी हात, कोपर किंवा काही कापड आवळलं होतं का? श्वास घेता येत होता का?' हे एकांतात विचारायचं. नवरा दाराबाहेर उभा असेल तर तो एकांत नव्हे.

ब्रिटनमध्ये अशा बैठकांची सुरुवात २००३ साली कार्डिफला झाली. तिथे पुढे रूढ झालेल्या २४ प्रश्नांच्या यादीत साधारण १४ होकार आले की प्रकरण अतिधोक्याचं मानतात. या बाईंचे होकार तेवढे भरत नव्हते. पण गळा दाबल्याचा संशय आणि घर सोडायची तयारी एकत्र आली की आकड्याची वाट बघत बसू नये. सोडून जाण्याचा आणि त्यानंतरचा काळच सगळ्यात घातक असतो.

मग ठरलेलं वाक्य आलंच: 'दोघांना एकत्र बोलावून समजावू या.' चांगल्या मनाचे लोकच हे सुचवतात. पण बाई त्या खोलीत जे बोलतील त्याची किंमत त्यांना घरी गेल्यावर मोजावी लागते. महिलांवरील हिंसाचार रोखण्यासाठीच्या युरोपीय इस्तंबूल करारात (२०११) अशा प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी घालण्यास मनाई आहे ती उगीच नाही. सूचना बाजूला ठेवली.

दुसरा ठरलेला शब्द 'लक्ष ठेवू'. इतिवृत्तात तो लिहायचाच नाही. प्रत्येक ओळीत काम, माणसाचं नाव आणि मुदत. डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल दाखवायच्या निमित्ताने दुसऱ्याच दिवशी बाईंना एकटीला बोलवायचं. पोलिसांनी पत्त्यावर खूण करायची, म्हणजे पुढचा फोन नवा न मानता आधीच्या भेटींसह गस्तीवरच्या माणसाला कळेल. शाळेने मुलाला न्यायला येणाऱ्यांची यादी बाईंना विचारून बदलायची. समुपदेशक ताईंनी सुरक्षित वेळ आणि क्रमांक पक्का करायचा, आणि फोन नवऱ्याने उचलला तर काय बोलायचं तेही आधीच ठरवायचं. बाईंच्या फोनवर ठावठिकाणा पाठवणारी सोय चालू होती. ती एकदम बंद केली तर संशय येतो, म्हणून आखणीसाठी दुसराच फोन वापरायचा. शेजारी बैठकीला नसतात आणि त्यांना कागद दाखवायचे नसतात. त्यांच्याकडून मागायची मदत एकच: बाईंनी स्वतः ठरवलेली खूण दिसली की पोलिसांना फोन करणं. मध्ये पडायचं नाही.

बैठकीत एकजण नवऱ्याचा ओळखीचा निघाला. तो आपणहून बाहेर जाऊन बसला. या नियमात सवलत देऊ नये, कारण माहिती फुटते ती बहुतेक वेळा जिव्हाळ्यातून.

गडबड झाली ती संरक्षण आदेशात, म्हणजे बाईंना त्रास देऊ नये असं नवऱ्याला बजावणाऱ्या न्यायालयाच्या आदेशात. तो शुक्रवारी संध्याकाळी बजावायचं ठरलं होतं, कोणाच्या तरी सोयीने. शनिवार-रविवार तो माणूस चिडून घरात आणि निम्मी कार्यालयं बंद. समुपदेशक ताईंनी फोन करून तो पुढे ढकलायला लावला. बाई मूल आणि कागदपत्रं घेऊन कामाच्या दिवशी बाहेर पडल्या, सुखरूप पोचल्याचा फोन आला, आणि मगच आदेश बजावला गेला. कोणी बजावायचा हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंना आधी कोणी कळवायचं ही ओळ मात्र इतिवृत्तात नव्हती. आता ती छापील आहे.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८१ पासून एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम हाती घेतलं: पोलीस, न्यायालय आणि आधारसंस्था यांची पद्धत एकमेकींशी जुळवून घेणं. फॉर्मवर रकाना नसला की अधिकाऱ्याला ती गोष्ट दिसेनाशी होते, हे पेन्स यांनी नेमकं हेरलं होतं. आमच्या दवाखान्याच्या केसपेपरवर गळ्याबद्दलचा प्रश्न आला. पोलिसांच्या नोंदीत 'आपसात मिटला' लिहिण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलल्याची खूण करावी लागते.

पुढच्या आढाव्यात शाळेचं काम अर्धवट निघालं. यादी बदलली होती, पण वर्गशिक्षकांच्या वहीत. फाटकावरच्या माणसाकडे जुनीच होती. ते काम नव्या मुदतीसह पुन्हा लिहिलं, यावेळी नाव फाटकावरच्या माणसाचं.