कागवाडचं डिझेल आणि आमदारांच्या हातातलं

दिवाळीनंतर आमच्या भागात आमदारसाहेबांची बैठक झाली, सत्कार, नारळ, पोहे-चहा सगळं रीतसर, आणि शेवटी विचारा काय विचारायचं ते म्हणाले तेव्हा मागनं एका पोरानं ओरडून विचारलं, पेट्रोल कधी कमी करताय साहेब? साहेब हसले. म्हणाले ते आमच्या हातात नसतं बाळा, ते दिल्लीत ठरतं. सगळ्यांनी माना हलवल्या, मी पण हलवली. घरी येताना दाजींच्या पिकअपमध्ये बसलो होतो (सीझनला द्राक्षं, मग हळद, बाकी वेळ मिळेल ते भाडं), ते गिअर टाकत म्हणाले, "सगळं दिल्लीत ठरतंय तर मग मी इतकी वर्षं कागवाडला डिझेल भरायला कशाला जातोय?"

बरोबर की.

मिरजेकडच्यांना हे सांगायला नको. म्हैसाळ गेलं की पुढं कागवाड, तिथनं कर्नाटक सुरू. कंपनी तीच, तेल तेच, पंपाचा रंग पण तोच, फक्त पाटी कन्नडमध्ये आणि रेट वेगळा. दिल्लीचा टॅक्स दोन्हीकडं सारखाच असतो, म्हणजे फरक पडतो तो राज्याच्या टॅक्सनं, आणि राज्याचा टॅक्स म्हणजे विधानसभा, आणि विधानसभा म्हणजे आपले हेच साहेब.

मग मी रात्री बसून जरा वाचत गेलो. आमदार म्हणाले ते अगदीच खोटं नाही. तेलविहिरी, पेट्रोलियम हे सगळं राज्यघटनेत केंद्राच्या यादीत आहे. गुजरातनं २००१ ला गॅसचा स्वतःचा कायदा केला होता, आमच्या राज्यातला गॅस आम्ही बघतो म्हणून, तर २००४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नैसर्गिक गॅसवर कायदा करायचा अधिकार राज्याला नाहीच. मग महाराष्ट्राच्या २८८ आमदारांनी एकमतानं ठरवलं तरी गॅसची लाईन कोणाला द्यायची हे त्यांना ठरवता येत नाही, ते काम दिल्लीतल्या नियामक मंडळाचं.

पण विक्रीवरचा टॅक्स राज्याचा आहे. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तेल-गॅसच्या पाच वस्तू बाहेर ठेवल्या, कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक गॅस आणि विमानाचं इंधन. त्यावर राज्य अजून व्हॅट लावतंय. आपल्याकडं पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. १०४ रुपयांचं पेट्रोल धरा, त्यातले पंचवीसच्या आसपास रुपये मुंबईला जातात, दिल्लीला नाही. जुलै २०२२ ला सरकार बदलल्यावर पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरलं ते कुठनं उतरलं? राज्याच्याच खिशातनं. त्याच वर्षी मार्चच्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरनं ३ टक्क्यांवर आणला होता. म्हणजे मनात आलं की होतंय.

आता राज्याची पण एक बाजू आहे, ती सांगितली पाहिजे नाहीतर दाजींसारखं एकतर्फी होईल. केंद्र पेट्रोलवर लिटरला २० रुपयांच्या आसपास घ्यायचं, एप्रिल २०२५ ला त्यात अजून २ वाढवले, पण त्यातला मूळ उत्पादन शुल्काचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळा सेस आणि अधिभार, आणि सेसमध्ये राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. वाटणी होते ती त्या १.४० ची, सगळ्या राज्यांत मिळून. मग राज्य व्हॅटला चिकटून बसणारच. जीएसटीत आणा म्हणून बोंब मारणाऱ्यांनी हे बघावं, सप्टेंबर २०२१ ला लखनौला जीएसटी कौन्सिलमध्ये विषय आला होता आणि आत्ता ही वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. त्या कौन्सिलमध्ये दोन तृतीयांश वजन राज्यांच्या मतांचं आहे बरं का.

माझं म्हणणं टॅक्स बंद करा असं नाहीच. रस्ते कशातनं करणार, आमचा मिरजेतला रस्ता आधीच बघवत नाही. माझा राग आहे तो टक्क्यांवर. टक्क्यात टॅक्स असला की तिकडं कुठंतरी युद्ध झालं, क्रूड चढलं की राज्याचा टॅक्स आपोआप चढतो, कोणी ठराव करायला नको, कोणी बोलायला नको, आणि वर म्हणायला मोकळे की आमच्या हातात नाही. त्यापेक्षा रुपयात ठरवा. लिटरमागं अमुक रुपये, संपलं. वाढवायचे असतील तर सभागृहात उभं राहून वाढवा, म्हणजे कोणाचा हात वर होता ते आम्हाला दिसेल. पाच रुपये बारा पैसे रुपयात लावता येतात तर पंचवीस टक्के का नाही लावता येत?

आणि ऊस. सांगली-साताऱ्यात राहून तेलावर बोलायचं आणि उसावर नाही असं कसं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतंय म्हणजे आपला ऊसच टाकीत जातोय. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, दिल्लीतनं ऑर्डर आली की रसापासनं इथेनॉल करायचं बंद. नंतर थोडी सवलत दिली, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी टाकलेली त्या कारखान्यांचं काय झालं असेल ते उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पुढं ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ जणांच्या बेंचनं ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलवर (इथेनॉल पण अल्कोहोलच) कायदा करायचा अधिकार राज्यांना आहे. दोन जिल्ह्यांचे आठ आणि आठ असे सोळा आमदार आहेत, निम्म्यांचा तरी कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी संबंध असेल, एकानं तरी यावर लक्षवेधी लावावी ना.

हे सगळं मी दाजींना ऐकवलं. एवढं मोठं ऐकून ते म्हणाले, "ते जाऊ दे, कागवाडचा रेट सांग." तर गंमत अशी की कर्नाटकनं जून २०२४ ला आणि परत एप्रिल २०२५ ला डिझेलवरचा टॅक्स वाढवलाय, १४ टक्क्यांवरनं १८ आणि तिथनं २१.१७. आपल्याकडं २१. म्हणजे डिझेलमध्ये आता कायच सुटत नाही, उलट जाण्यायेण्याचं वर जातंय.

दाजी गप्प बसले जरा वेळ. परवा बघितलं तर पिकअप परत कागवाडच्या पंपावर. म्हणाले, "हवा चांगली मारतात रे तिथं."